समेवर सोडायचा श्वास

धारच्या संस्थानी दवाखान्यात मी तीन महिन्यांहून जास्त काळ पडून होतो. तेव्हा मला नुकतंच विसावं लागलं होतं आणि दरबारच्या दफ्तरात मी उमेदवार म्हणून बसायला लागलो होतो. मांडवगडाकडे जमीनमोजणीच्या कामावर आम्हा चौघांना धाडलं होतं. नालछ्याच्या अलीकडे एका चढावर बैलगाडी मागे घसरायला लागली, मी घाबरून उडी टाकली आणि चाक माझ्या डाव्या नडगीवरून गेलं. हाड मोडलं नाही. कातडी फाटली, रक्त आलं, गावातल्या एकाने हळद आणि तेल लावून फडकं बांधून दिलं. मी लंगडत का होईना, काम पुरं करून घरी आलो आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

पंधरा दिवसांत पाय भोपळ्यासारखा सुजला. ताप उतरेना. वडील मी लहान असतानाच गेले होते, घरात मी आणि आई दोघंच. आईने शेजाऱ्यांना बोलावून मला डोलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुंबईत शिकून आलेले, पस्तिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पाय चाचपला आणि आईला सांगितलं की हाड आतून कुजलंय, उघडून कुजलेला भाग छिन्नीने काढावा लागेल, नाहीतर पायच काढावा लागेल. आईने विचारलं, पाय राहील ना. ते म्हणाले, राहावा म्हणूनच उघडतोय.

क्लोरोफॉर्ममुळे खुद्द शस्त्रक्रियेचं मला काहीच कळलं नाही. कळलं ते त्यानंतरचं. जखम शिवलेली नव्हती. अशी जखम तळापासून भरत वर यावी लागते, वरून मिटली तर आत पुन्हा पू धरतो, म्हणून ती उघडीच ठेवून तिच्यात औषधाची पट्टी ठासून भरत. रोज सकाळी ती जुनी पट्टी ओढून काढायची, जखम धुवायची आणि नवी भरायची. पट्टी रात्रभरात आतल्या मांसाला चिकटलेली असे. ती निघताना काय होई ते मी लिहून सांगू शकणार नाही. एवढंच सांगतो की त्या खोलीत जखमेवर भुरभुरायच्या पिवळ्या पुडीचा वास आजही कुठे आला तर माझा डावा पाय आपोआप आखडतो.

माळव्यात तेव्हा अफू घरोघरी. पिकत होती, विकत होती, पोट दुखलं तरी आणि लेकरू रडलं तरी दिली जात होती. पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरांनी मला अफूच्या अर्काची सुई दिली. शिवाय आई पदराआड हरभऱ्याएवढी गोळी आणत असे ती वेगळीच. मी पट्टीची वाट बघेनासा झालो आणि सुईची वाट बघायला लागलो. एके दिवशी सुई नुकतीच देऊन झाली असतानाच मी कंपाउंडरला दुसरी कधी मिळणार म्हणून विचारलं. ते डॉक्टरांच्या कानावर गेलं. ते माझ्या खाटेशी उभे राहिले आणि आईला म्हणाले, “पाय मी बरा करून देईन. पण अफूबाज करून याला घरी पाठवणार नाही.” त्या दिवसापासून सुई बंद झाली. गोळीचंही त्यांनी आईकडून कबूल करून घेतलं.

मग मी ओरडायला लागलो. आधी मला वाटे की मी धीराचा माणूस आहे. तसं काही नव्हतं. कंपाउंडर ताटली घेऊन दारात दिसला की मी खाटेची लोखंडी कड धरायचो आणि त्याने पट्टीला हात लावायच्या आतच माझा आवाज निघायचा. कंपाउंडर माळवी होता, चांगला होता, हाताने हलका होता. “भिया, अभी तो मैंने छुआ भी नहीं,” असं तो म्हणे, आणि ते खरं असे.

याच सुमारास माझ्या शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्या सारंगियाला आणून निजवलं. दरबारात गाणं असलं की गायकांच्या मागे बसून साथ करणाऱ्यांपैकी ते एक. सगळे त्यांना खांसाहेब म्हणत, मीही तेच म्हणायला लागलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि एकाची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर दोन्ही डोळे बांधून टाकत. माणसाने पाठीवर सरळ निजायचं, डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, जोरात बोलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या असत. असं नऊ दिवस. खांसाहेब त्या पिशव्यांमध्ये पांढरी दाढी वर करून पडले होते. त्यांच्या अंगात हलत होती ती फक्त हातांची बोटं.

पहिल्या सकाळी माझी पट्टी निघाली, मी ओरडलो आणि त्यांचं सगळं अंग खाटेवर उडालं. कंपाउंडर पट्टी तशीच टाकून त्यांच्याकडे धावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो हळू आवाजात मला म्हणाला की डोळ्याची जखम ताजी आहे, असे दोन-चार झटके बसले तर डोळा जाईल. मग त्याने उरलेली पट्टी काढली आणि मी चादरीचा बोळा तोंडात कोंबला. तरी आवाज निघालाच.

त्यांची खाट दुसरीकडे हलवा असं मी सांगितलं. पण तेवढ्यासाठी त्यांना उचलणंही धोक्याचं होतं, आणि माझा पाय तर हलू नये म्हणून वजनाला बांधलेला. दोघंही जिथे होतो तिथेच राहणार होतो.

दुपारी दवाखाना निवांत झाल्यावर खांसाहेबांनी ओठ फारसे न हलवता मला हाक मारली.

“बेटा, तुम चीखते हो तो मेरा बदन उछलता है. मैं रोकूं तो भी नहीं रुकता. कान का आदमी हूं, क्या करूं.”

मी माफी मागितली. त्यांना माफीशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी विचारलं, दुखतं कधी, पट्टी ओढताना की त्याच्या आधी. मी म्हणालो, ओढताना. मग थोडा विचार करून म्हणालो की आधीही. मग आणखी विचार केला तेव्हा कळलं की आधीच जास्त. कंपाउंडर कधी ओढेल हे ठाऊक नसल्यामुळे मी दारात तो दिसल्यापासून ओढल्यासारखाच असे. तेवढ्यात खांसाहेबांच्या बोटाचं नख खाटेच्या दांडीवर वाजायला लागलं.

सोळा मात्रांचा ठेका. मी गाणं शिकलेलो नव्हतो. आमच्या घरात आरत्या आणि भूपाळ्या यापलीकडे सूर नव्हता, आणि सारंगी म्हटलं की ती कोणाच्या माडीवर वाजते हे डोळ्यांपुढे येऊन घरातली माणसं तोंड फिरवत. पण मोजता मला येत होतं. ते वाजवत होते आणि मी मनात मोजत होतो. पहिल्या मात्रेला ते जरा जोर देत, तिला सम म्हणतात. नवव्या मात्रेला बोट दांडीवरून उचलून हवेतच ठेवत, ती खाली, म्हणजे रिकामी. त्यांनी मला सांगितलं ते इतकंच: खालीपासून श्वास आत घ्यायला लागायचं, आठ मात्रा घेत राहायचं, आणि सम आली की सोडायचा. सोडताना तोंड मिटून एक सूर धरायचा, जितका खालचा धरता येईल तितका. ओढणाऱ्याने समेवरच ओढायचं, मधे नाही.

“चीखने का सांस वही है, बेटा. बस, उसको बैठा दो.”

सूर कुठला धरायचा हा प्रश्न होता. त्यांना गुणगुणायचीही मनाई होती. मला तर दोन वेळा एकच सूर लागेना. आई माझ्या उशाशी बसली होती. घरून तिने काशाच्या वाटीत माझ्यासाठी पेज आणली होती आणि ती रिकामी वाटी खाली ठेवताना फरशीला लागून वाजली. खांसाहेब म्हणाले, हाच. ती वाटी पुन्हा वाजवायला सांगा.

इथे आईबद्दल सांगायला हवं. ती सोवळ्याओवळ्याची फार कडक होती. दवाखान्याचं पाणी मला पिऊ देत नसे, घरी गेल्यावर न्हाल्याशिवाय चुलीशी जात नसे. खांसाहेबांच्या खाटेकडे ती पाठ करून बसे. त्यांच्याशी थेट बोलणं तर शक्यच नव्हतं. तिने वाटी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “त्यांना विचार, कशाने वाजवू.” मी विचारलं. ते म्हणाले, बोटाच्या पेराने, किनारीवर, हळू. आईने वाजवली. वाटीचा नाद बराच वेळ टिकून राहिला आणि मी तोंड मिटून त्याच्या खाली खाली जात त्याला टेकलो. आम्ही त्या दुपारी हे कितीदा केलं ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला सगळं समजावलं. तो आधी हसला. मग खांसाहेबांनी नखाने ठेका धरला तेव्हा माळवी लग्नांत ढोलकी वाजवणाऱ्या त्या माणसाला सम ओळखायला सांगावं लागलं नाही. आईने वाटी वाजवली. खाली आली, मी श्वास घ्यायला लागलो. सम आली, त्याने वीतभर पट्टी ओढली, मी सूर सोडला. तो सूर नव्हताच, घोगरा कण्हण्याचा आवाज होता, पण तो सोळा मात्रांच्या आत मावला. खांसाहेबांचं अंग हललं नाही. मग पंधरा मात्रा कोणी मला हात लावला नाही. त्या पंधरा मात्रा मी आयुष्यात विसरणार नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ठाऊक होतं की या क्षणी दुखणार नाही. पुन्हा खाली, पुन्हा श्वास, पुन्हा सम. सहा आवर्तनांत पट्टी निघाली.

दुखणं कमी झालं का, असं डॉक्टरांनी मला नंतर विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की दुखलं तेवढंच. पण दिवसभर दुखत असे ते आता सहा वेळा दुखलं. पुढच्या सकाळी ते स्वतः घड्याळ हातात घेऊन आले, पट्टी निघेपर्यंत माझ्या मनगटावर बोटं ठेवून उभे राहिले आणि जाताना कंपाउंडरला म्हणाले की असंच चालू ठेवा.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी कंपाउंडरच्या घरी कोणी वारलं म्हणून तो धामनोदकडे गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्या बाजूच्या खोल्यांतला एक मदतनीस आला. आईने वाटी पुढे केली. मी त्याला सांगायला लागलो. तो म्हणाला की मला अजून बारा खाटा बघायच्या आहेत, आणि माझं वाक्य पुरं होण्याआधी त्याने पट्टीचं टोक धरून सगळी एका झटक्यात ओढली.

मी ओरडलो. तसा मी आधीही कधी ओरडलो नव्हतो. खांसाहेबांचं डोकं वाळूच्या पिशव्यांवरून वर उचललं गेलं आणि परत आपटलं.

डोळ्यात दुखतंय हे त्यांनी संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हाच सांगितलं. पट्ट्या उलगडल्या तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. पुन्हा बांधले. नऊ दिवसांचे पंधरा झाले. शेवटी उघडले तेव्हा त्या डोळ्याला खिडकीचा उजेड दिसत होता आणि डोळ्यांपुढे धरलेली बोटं मोजता येत होती. चेहरे दिसत नव्हते.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं की माझ्यामुळे झालं का. ते म्हणाले, झालं असेल, नसेलही, असं रक्त कधी कधी आपणहूनही उतरतं. मला त्यांनी नाही म्हणून सांगावं असं फार वाटत होतं. त्यांनी सांगितलं नाही. ते खोटं बोलणारे नव्हते आणि मला त्याचा तेव्हा राग आला. खांसाहेबांना विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही. मी एकदा सुरुवात केली होती, तर ते म्हणाले की आज पाऊस नाही, हवा कोरडी आहे, तारा चांगल्या लागतील, माझी सारंगी मागवतो.

सारंगी आली. तोवर खांसाहेबांना उठून बसायची परवानगी मिळाली होती. सकाळी पट्टीच्या वेळी ते माझ्या खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसत. मला वाटलं होतं की नखाच्या ठेक्याने इतकं साधलं तर खऱ्या वाद्याने काय होईल. पहिल्या दिवशी उलटंच झालं. गज तारेवर फिरला आणि मला रडूच कोसळलं. दुखायच्या आधीच. ठेका मला धरून ठेवत होता, सारंगी मला मोकळं सोडत होती, आणि जखम उघडी असताना मोकळं सुटणं परवडत नाही. खांसाहेबांनी ते लगेच ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून पट्टी निघेपर्यंत ते फक्त एक खालचा सूर लांबवत आणि पायाने ठेका धरत. पट्टी भरून झाली, कंपाउंडर ताटली घेऊन गेला, की मग राग वाजवत. त्या वेळी मी हवं तितकं रडायचो आणि मग झोप लागायची. अशी झोप मला अफूनेही लागली नव्हती, कारण अफूच्या झोपेतून उठलो की तोंड कडू आणि मन खाली असे.

आई अजूनही पाठ करूनच बसत असे. पण खांसाहेबांचा गज थांबला की ती मला हळूच म्हणे, “त्यांना विचार, झालं का.” आणि ते म्हणत, मांजी से कहो, अभी थोड़ा है. मग ती जागची हलत नसे.

माझी जखम तळापासून भरून आली. पाय राहिला, दीड बोटाने आखूड. मोजणीचं काम सुटलं आणि मी मास्तर झालो. पुढे देवासच्या दोन संस्थानांपैकी धाकट्या पातीच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी आईला घेऊन तिकडे गेलो. लग्नही तिकडेच झालं. खांसाहेबांची भेट मात्र एकदा झाली. देवासला एका सरदारांकडे लग्न होतं, तिथे ते साथीला आले होते. मधल्या काळात इंदुरात दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन तो चांगला झाला होता, जाड भिंगांचा चष्मा होता. मी पुढे होऊन कोण ते सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि म्हणाले, “मैं समझा था लंबा-चौड़ा जवान होगा. आवाज तो बड़ी थी.” मग माझ्या पायाला हात लावून विचारलं, दुखतो का. मी म्हणालो, थंडीत. त्यानंतर चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

माझी पत्नी देवासचीच, तिथेच वाढलेली. घरात मराठी बोलायची आणि शेजारणींशी अस्सल माळवी. ती तिशीत असताना तिच्या डाव्या छातीत गाठ झाली. तिने ती कित्येक महिने कोणाला सांगितली नाही. कळलं तेव्हा मी इंदूरहून डॉक्टरीणबाईंना आणवलं. त्या टांग्याने आल्या, त्यांनी तपासलं आणि आठ दिवसांत देवासच्याच दवाखान्यात शस्त्रक्रिया केली. काखेपर्यंत कापावं लागलं. जाताना बाई सांगून गेल्या की जखम सुकायला लागली की हात रोज थोडा थोडा वर न्यायचा, कितीही दुखलं तरी, नाहीतर खांदा तसाच आखडून बसेल.

मला वाटलं, या बाबतीत मला शिकवायला कोणी नको. मी तिच्या खाटेशी बसलो आणि दांडीवर नखाने ठेका धरला. तिला खालीपासून श्वास घ्यायला सांगितलं. तिने दोन आवर्तनं ते सोसलं.

“अहो, ते वाजवणं थांबवा. डोक्यात घण घातल्यासारखं होतंय.”

मी थांबलो. दुसऱ्या दिवशी मी सरदारांकडून कर्णा असलेला ग्रामोफोन मागून आणला. तेव्हा ती देवासमध्ये मोठी अपूर्वाई होती, दवाखान्यातली सगळी माणसं दाराशी जमली. एका गाणाऱ्या बाईची तबकडी लावली. पत्नीने डोळे मिटून घेतले आणि मला वाटलं की लागू पडतंय. तबकडी संपली तेव्हा ती म्हणाली की माणसं गेली का, आणि हे यंत्र घेऊन तुम्हीही जरा जा. मी दुखावलो हे मी कबूल करतो. ज्याने मला तारलं ते तिला का नको, हे मला समजत नव्हतं. तिचा हात पोटाशी बांधल्यासारखा राहिला. बोटभर वर नेला तरी ती ओठ चावायची आणि सोडून द्यायची. दिवस जात होते आणि खांदा आखडत चालला होता.

भाद्रपदाची पौर्णिमा झाली. माळव्यात तेव्हापासून सर्वपित्रीपर्यंत सोळा दिवस मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढायची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि दिवेलागणीला जमून गाणी म्हणायची. दवाखान्याच्या कुंपणाला लागून एक गल्ली होती. तिथल्या मुलींनी आमच्या खिडकीसमोरच्याच भिंतीवर संजा मांडली होती. रोज शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात जाई तेव्हा त्यांचं गाणं चालू असे. मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मुलींचा गलका, अर्ध्या बेसूर.

एके संध्याकाळी मी आत आलो तर खाट रिकामी होती. ती भिंतीपाशी उभी होती, भिंतीकडे तोंड करून, उजव्या हाताने डावं कोपर धरून. डाव्या हाताचं बोट चुन्यावर हळूहळू सरकत होतं. बाहेर मुली गात होत्या आणि हिचे ओठ हलत होते. मला वाटलं ताप डोक्यात गेला. मी पुढे होऊन कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, घामाने भिजलेलं.

“मधे बोलू नका,” ती म्हणाली. “कडवं संपू दे.”

कडवं संपलं. तिने हात खाली सोडला, बराच वेळ श्वास घेतला आणि मग भिंतीवर बोटाचा पुसट माग दाखवला. खांद्याच्या थोडं खाली दोन वर्तुळं होती.

“हे चांद-सूरज. इथवर येतोय. शेवटच्या दिवशी किलाकोट, म्हणजे अख्खा किल्ला, काढायचा तर हात डोक्यावर न्यावा लागतो. अजून सहा दिवस आहेत.”

लहानपणी ती सोळा दिवस कोणाकोणाच्या भिंतींवर कशी संजा मांडायची, शेण नीट बसावं म्हणून थापताना गाण्याच्या कुठल्या शब्दावर हात दाबायचा, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली की गाणं चालू झालं की हात आपोआप उठतो, उठू नको म्हटलं तरी. आणि मुली कडवं संपवत नाहीत तोवर खाली घेता येत नाही. पलीकडे त्यातली एक मुलगी सुरात सारखी वर जाते, तिला कोणीतरी सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी जरा लवकर निघालो. गल्लीत जाऊन त्या मुलींना म्हणालो की तुमची संजा ऐकणारी एक आजारी बाई आत आहे, शक्य झालं तर प्रत्येक गाणं दोनदा म्हणाल का. त्या आधी लाजल्या, मग एकमेकींकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्या खिडकीकडे तोंड करून गायच्या. आत माझी पत्नी भिंतीशी उभी राहायची आणि मी तिच्यामागे खुर्ची धरून. मला तिथे दुसरं काही काम नव्हतं. कधी कधी ती मधेच थांबायची, कपाळ भिंतीला टेकवायची, आणि बाहेरचं गाणं तिच्याशिवाय पुढे जायचं. मग पुढच्या ओळीला ती पुन्हा येऊन मिळायची. दुखतं का असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, “दुखतं. पण ते माझ्या मागे येतं आता. आधी पुढे उभं असायचं.”

अमावास्येला तिने किलाकोट काढायला घेतला. कोट झाला, बुरूज झाले. वरच्या दरवाजाला हात कानाच्या वर गेला आणि तिथे अडला. मुलींनी ते गाणं दोनदा म्हटलं, मग न सांगता तिसऱ्यांदाही म्हटलं. दरवाजा राहिलाच. ती मागे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली की उरलेलं घरी जाऊन करीन. बाहेर मुली भिंतीवरची संजा उतरवून टोपलीत भरत होत्या, विसर्जनाला न्यायला.

डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांनी आल्या. त्यांनी हात धरून वर नेला, आणखी वर नेला आणि विचारलं की हे कोणी करवून घेतलं. पत्नीने सांगितलं की गल्लीतल्या पोरींनी. बाईंना ते कळलं नाही आणि तिने अधिक सांगितलंही नाही. गाठ पुन्हा आली नाही. ती त्यानंतर सव्वीस वर्षं जगली आणि गेली ती दुसऱ्याच आजाराने.

दवाखान्यातून आल्यावर रोज सकाळी आई तिची वेणी घालून देई, कारण हात डोक्यामागे जात नव्हता. सासूकडून वेणी घालून घ्यायचं तिला अवघड होई, आणि आईलाही ते सवयीचं नव्हतं. दोघी न बोलता बसत. दिवाळीतल्या पहिल्या आंघोळीनंतर आई तेलाची वाटी आणि फणी घेऊन ओसरीवर आली तर ही आधीच आरशापुढे बसली होती. डावा हात मानेमागे गेला होता आणि अंबाडा एका बाजूला कलला होता. आई फणी घेऊन तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “जरा डावीकडे घे,” आणि आत निघून गेली.